हळू फिरणारी रेकॉर्ड

माझ्या घरमालकांसमोर कुठल्याही गाण्याला 'छान' म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलंच, तर ते उठून रेकॉर्डवरची सुई उचलत आणि विचारत, "काय छान?" मग उत्तराची वाट बघत उभे राहत. विमा विकायला आलेला एक एजंट बराच वेळ विचार करून म्हणाला, "म्युझिक." त्याला अर्धा चहा टाकून जावं लागलं. "ऐकू आलं न्हाय तर न्हाय म्हण की," तो जिना उतरत असताना ते वरून ऐकवत होते, "छान कशाला म्हणतो बे?"

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. खाली मागांची शेड, वर ते आणि त्यांची पत्नी, आणि त्याच्याही वर गच्चीवर पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मी भाड्याने राहत असे. मी शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही. ते घरात तेलुगू बोलत, शेडमध्ये मराठी, आणि रागावले की दोन्ही. बहुतेक वेळ ते रागावलेलेच असत.

त्यांच्या खिशात शिवणयंत्राच्या तेलाची छोटी बाटली असे. पंखा कुरकुरत असेल तिथे त्यांना बसवत नसे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते टेबलावर चढले, पंखा बंद करायला लावला, त्यात तेल घातलं आणि मगच उतरले. नवरीचा मामा अंगावर धावून आला. अण्णा त्याला म्हणाले, "एवढी माणसं बसलीत हितं. एकाला तरी ती कुरकुर ऐकू आली का? मग मंगलाष्टक तरी कुटं ऐकताय तुमी?" त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणत असे, शेवटच्या रांगेत डोक्यावर पदर ओढून बसल्या होत्या. शेजारणीने विचारल्यावर त्यांनी "हे आमचे न्हाईत" असं सांगितलं.

गल्लीत हे किस्से हसत सांगितले जात. अण्णा कधी हसले नाहीत. आवाज नीट न ऐकणाऱ्या माणसाचा त्यांना खरोखर संताप येई, जसा दुसऱ्या कुणाला अन्न टाकणाऱ्याचा येतो.

मागांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असे. त्या दिवशी सकाळी गल्लीत जी शांतता पसरे ती पायरी चुकल्यासारखी वाटे. अण्णा अंघोळ करून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, खिडक्या लावून घेत आणि रेकॉर्ड लावत. त्यांच्याकडे एकच रेकॉर्ड होती. तिची एकच बाजू ते लावत.

ती त्यांनी तरुणपणी एका टॉकीजमधून आणली होती. त्या काळी खेळ सुरू होण्याआधी आणि मध्यंतरात टॉकीजमध्ये रेकॉर्ड वाजवत. एकदा गठ्ठ्यातली एक इंग्रजी रेकॉर्ड चुकून लागली. "पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या," अण्णा सांगत. "मॅनेजर म्हणला, कचरा हाय हा. मी म्हणलो, मग दे की मला कचरा." उरलेला पिक्चर टाकून ते रेकॉर्ड घेऊन घरी आले. घरी ती वाजवायला यंत्र नव्हतं. ते काही वर्षांनी आलं. तोवर रेकॉर्ड भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी टांगलेली होती आणि काकूंच्या सासूबाई तिलाही हळदकुंकू लावत. त्यामुळे मधल्या कागदावरची नावं पुसून गेली होती. कोण वाजवतंय, कोण गातंय, गाण्याचं नाव काय, यातलं काहीही अण्णांना माहीत नव्हतं आणि हवंही नव्हतं.

त्या बाजूवर एकच गाणं होतं. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह सायकेडेलिक रॉक म्हणतात हे मला पुढे कळलं. पहिल्यांदा ऐकताना मला एवढंच समजलं की ऑर्गनचा एक सूर कुणीतरी बराच वेळ धरून ठेवला आहे, आणि मग सगळे एकदम भांडू लागले आहेत. गिटार कर्कश होती. मधे एका ठिकाणी माणसांचे आवाज उलटे फिरवल्यासारखे येत होते. शब्द फार उशिरा आले आणि लगेच संपले. मी तोवर गाणं म्हणजे शब्द असं समजत होतो. शब्द कळले की गाणं कळलं. बातमीसारखं.

बाजू संपल्यावर अण्णांनी विचारलं, "काय ऐकलं?"

"गोंगाट," मी म्हणालो.

काकूंनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. पण अण्णा रागावले नाहीत. "बरोबर," ते म्हणाले. "गोंगाटच हाय. आता त्यातला एक माणूस धर."

पुढच्या सुट्टीला त्यांनी मला फक्त खालची जाड तार ऐकायला लावली. बास गिटार हा शब्द ते वापरत नसत. "कापड तपासताना सगळं कापड बघतो का आपण?" ते म्हणाले. "एक धागा धरायचा आन् त्याच्यासंगं शेवटपर्यंत जायचं. मधे गिटारवाला बोलवंल तुला, ये ये म्हणंल. जायचं न्हाय." मी गेलो. गिटार आली की माझं लक्ष तिच्याकडे जायचं आणि खालची तार हातातून सुटायची. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत बसलेले असत. त्यांना ते कळत असे. "सुटला," ते म्हणत आणि सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवत.

तार शेवटपर्यंत धरता यायला बऱ्याच सुट्ट्या गेल्या. मग ढोल. मग ऑर्गन. मग झांजेवर काठी घासल्याचा तो एक आवाज, जो मी आधी रेकॉर्डवरचा ओरखडा समजत होतो. एका सकाळी मला पहिल्यांदा ऐकू आलं की ढोलवाला आणि ऑर्गनवाला एकाच मापात वाजवत नाहीत. एकाचं माप दुसऱ्यापेक्षा आखूड आहे. ते दूर जातात, जात राहतात, आणि ज्या जागी पुन्हा एकत्र पडतात तिथेच गिटार ओरडते. तिला त्याआधी ओरडायला कारण नसतं. मी न राहवून हात वर केला. अण्णांनी मान हलवली. तेवढीच त्यांची शाबासकी.

त्याच आठवड्यात कामाच्या दिवशी मी शेडमधून जात होतो. दारालगतचे दोन माग मला वेगवेगळे ऐकू आले. एक किंचित मागे पडत होता, दुसरा पुढे जात होता, आणि काही वेळाने दोघांचा ठोका एकावर एक पडत होता. मी तिथे उभा राहिलो. कामगाराने काय झालं म्हणून खूण केली. त्याआधी मी माझ्या बातम्यांमध्ये अनेकदा 'यंत्रमागांचा खडखडाट' असं लिहिलं होतं. त्यानंतर लिहिलं नाही, कारण खडखडाट नावाची वस्तू तिथे नव्हतीच.

रेकॉर्डच्या आतल्या गुळगुळीत पट्टीवर काही अक्षरं आणि आकडे कोरलेले होते. मी ते उतरवून घेतले आणि इंटरनेटवर शोधले. रेकॉर्ड सापडली. मी हेडफोन लावून ऐकायला सुरुवात केली आणि मला वाटलं ही दुसरीच आहे. सगळे घाईत होते. मी ज्याला म्हातारा समजत होतो तो गायक विशीतला तरुण होता. अण्णांकडे जिना चढल्यासारखा येणारा ढोल इथे धावत होता. अण्णांचं यंत्र संथ फिरत होतं आणि त्यांनी आयुष्यभर चुकीचं गाणं ऐकलं होतं, अशी माझी खात्री झाली. मी जिना उतरून त्यांना तसं सांगितलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावले.

त्यांनी थोडं ऐकलं आणि हेडफोन काढून कॉटवर फेकले. "पळवतायत," ते म्हणाले.

"अण्णा, मूळ तसंच आहे. तुमचं यंत्र हळू फिरतं."

"फिरतं? मी फिरवतो त्याला हळू!" ते उठून उभे राहिले. "टर्नरकडं जाऊन मोटरची पुली घासून बारीक करून आणली मी. उगाच?" मग आवाज खाली आणून, पण तेवढ्याच रागाने म्हणाले, "मागावर उभा राहिलो जल्मभर. त्यानं माझं वरचं नेलं. पाखरू ऐकू येत न्हाय मला. कुकरची शिट्टी न्हाय. ही गिटार वर जायची तितं नुसता अंधार व्हायचा. मला वर जाता येत न्हाय, मग मी त्याला खाली आणला."

डॉक्टरी भाषेत याला काय म्हणतात ते मी नंतर विचारून घेतलं. मागांच्या आवाजाने आधी बारीक, उंच आवाज जातात. रेकॉर्ड हळू फिरवली की सगळे सूर थोडे खाली येतात. जे जात होतं त्यातलं थोडंफार अण्णांनी असं परत मिळवलं होतं. त्यांना खालचं नीट ऐकू येत होतं, मधलं पुरेसं, आणि वरचं त्यांनी ओढून मधे आणलं होतं. एवढ्यावर त्यांचं भागत होतं. मी पुन्हा कधी ती रेकॉर्ड मूळ वेगाने ऐकली नाही.

आता मिरवणुकीबद्दल. कुणाची होती ते लिहीत नाही. वर्षभरात सगळ्यांच्या निघतात आणि भिंत सगळ्यांची सारखीच असते. भिंत म्हणजे ट्रकवर एकावर एक रचलेले स्पीकर. त्या संध्याकाळी पुढचा रस्ता दुसऱ्या मंडळाने अडवला होता, म्हणून एक ट्रक अण्णांच्या घरासमोर थांबून राहिला. मी तेव्हा मार्गाच्या दुसऱ्या टोकाला बातमीवर होतो. पुढचं काकूंनी आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सांगितलेलं आहे. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

खिडकीची काच तडकली. फळीवरची भांडी खाली आली. अण्णा काकूंचं न ऐकता खाली गेले आणि ट्रकसमोर उभे राहून हातवारे करू लागले. ऑपरेटरने कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली. नाचणाऱ्यांना वाटलं म्हाताराही नाचायला आला. त्यांनी अण्णांच्या तोंडाला गुलाल फासला, दोन्ही बाजूंनी दंड धरले आणि भिंतीच्या अगदी समोर नेऊन त्यांना नाचवलं. ते ओरडत होते. लोक टाळ्या वाजवत होते. ट्रक पुढे जाईपर्यंत हे चाललं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे प्रत्येकाने मला हेच वाक्य सांगितलं.

पहिले काही दिवस कानात शिट्टी वाजत असल्याचं ते सांगत होते. मग मागांची सुट्टी आली. अण्णांनी पांढरा शर्ट घातला, खिडक्या लावल्या, सुई ठेवली. ऑर्गनचा सूर सुरू झाला. त्यांनी आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. मग वाकून फिरत्या रेकॉर्डकडे पाहिलं.

"चालू हाय का?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकूंनी हो अशी मान हलवली.

ते खुर्चीत बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, "कुटवर आलंय?"

ढोल आणि ऑर्गन एकमेकांपासून दूर जात होते. मी दोन्ही हात एकमेकांपासून लांब नेऊन दाखवले. मग ते एकत्र आले तेव्हा हात जुळवले. गिटार ओरडली. काकूंनी कानांवर हात ठेवले. अण्णा माझ्या हातांकडे बघत होते. बाजू संपल्यावर त्यांनी 'काय ऐकलं?' असं विचारलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर 'वयोमानानुसार' असं लिहिलं. मी विचारलं, वय एका संध्याकाळीत वाढतं का? ते म्हणाले, कान आधीच खराब होता, ऐकणं नेमकं कशाने गेलं हे सिद्ध करता येत नाही. चौकीत अर्ज घेतला गेला. "परवानगी होती त्यांना," हवालदार म्हणाला, "आन् आजोबा स्वतःच गेले की समोर. नाचत होते म्हणे." मी बातमी लिहून दिली. ती लागली नाही. त्या पानावर 'मिरवणूक उत्साहात आणि शांततेत' ही बातमी आधीच लागून गेली होती. 'शांततेत' हा शब्द कुणी टाकला हे मी विचारलं. कुणी टाकला नव्हता. तो दरवर्षी असतोच.

पुढच्या मिरवणुकीच्या आधी त्या ट्रकवाल्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले. तरुण, नम्र, पांढरे कपडे. आल्या आल्या ते काकूंच्या पाया पडले. "अण्णांचा सत्कार करायचाय," ते म्हणाले. "गल्लीतले ज्येष्ठ नागरिक. शाल, श्रीफळ. झालं गेलं विसरून जायचं. घरचंच कार्य हाय की, काकू."

काकू म्हणाल्या, "घरचं हाय तर घरात वाजवा की तुमच्या."

अध्यक्ष हसले. अण्णांना काय चाललंय ते कळत नव्हतं. मी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "माईक देणार का?"

"दोन शब्द बोला की अण्णा, हक्कानं!" अध्यक्षांनी होकाराचा अंगठा वर केला.

मग अण्णा रोज गच्चीवर येऊन भाषणाचा सराव करू लागले. त्यामुळे ते मला पाठ झालं. त्यात शिवी नव्हती. ते म्हणणार होते की मागाने माझं वरचं ऐकणं नेलं, पण त्याबदल्यात भाकरी दिली, घर दिलं. पोटासाठी कान दिला, माझी तक्रार नाही. तुमच्या भिंतीने उरलेलं नेलं आणि कशासाठी नेलं ते मला कुणी सांगितलं नाही. या गल्लीतला प्रत्येक कामगार दिवसभर मागासमोर उभा असतो. त्याच्याकडे जे थोडं शिल्लक आहे ते तुम्ही एका संध्याकाळी काढून घेता. ट्रकपुढे खांद्यावर घेतलेली तुमची लेकरं आहेत. माझं गेलं. तुमचं अजून आहे. भिंत या गल्लीत आणू नका. त्यांना एवढंच मागायचं होतं, आणि ते मिळेल असं त्यांना वाटत होतं. आयुष्यात प्रथमच माईक हातात येणार होता.

सत्कार संध्याकाळी, मिरवणूक निघण्याआधी झाला. गल्लीच्या तोंडाशी स्टेज, शेजारी भिंतीचा ट्रक. अध्यक्षांनी अण्णांच्या खांद्यावर शाल घातली. अण्णांनी ती काढून हातात घेतली, उलटी केली, काठ दोन बोटांत चोळला आणि माईकवर म्हणाले, "सोलापुरात माग हायत आन् ही शाल पानिपतची हाय. पॉलिस्टर."

लोक हसले. शिट्ट्या पडल्या. अध्यक्षही हसले. अण्णांनी हात वर करून थांबायला सांगितलं आणि भाषणाला सुरुवात केली. "मागानं माझं वरचं नेलं," ते म्हणाले. ऑपरेटरला वाटलं म्हाताऱ्याचं झालं. त्याने गाणं लावलं.

मी स्टेजच्या पायरीशी होतो. ट्रककडे धावत जाऊन ऑपरेटरला हाताने थांब म्हणून सांगितलं. त्याने कानाला हात लावला. समोरची गर्दी हात वर करून उड्या मारू लागली. स्टेजवर अण्णा बोलत होते. त्यांचे ओठ मला दिसत होते, आणि ते कुठवर आलेत ते कळत होतं. भाकरी. घर. कामगार. लेकरं. ते थांबत थांबत, मुद्द्यागणिक एकेक बोट दुमडत बोलले. एकही मुद्दा त्यांनी सोडला नाही. शेवटी हात जोडले. भिंतीचा ट्रक पुढे निघाला आणि गर्दी त्याच्यामागे गेली.

अण्णा पायऱ्या उतरून आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "बघितलास?" ते ओरडले. स्वतःचा आवाज येत नसल्याने ते आता ओरडूनच बोलत. "सगळ्यांचे हात वर! पोरं कशी उड्या मारत होती बे, स्टेज हादरलं की! ऐकलं की लोकांनी!"

काकूंनी माझ्याकडे बघून, सांगू नको म्हणून, मान हलवली. मी मोबाइल काढला आणि लिहिलं, 'कुणी ऐकलं नाही. गाणं सुरू होतं.'

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. पुन्हा वाचलं.

"कवापासून?"

'पहिल्या वाक्यापासून.'

"कामगारांचं ऐकलं न्हाय?"

मी नाही अशी मान हलवली.

"लेकरांचं?"

'नाही.'

"शालीचं?"

'ते ऐकलं. हसले.'

"तेवढंच?"

'तेवढंच.'

त्यांनी शाल माझ्या हातात दिली. स्टेजवर माईकची वायर गुंडाळणं सुरू झालं होतं. अण्णा गल्लीत शिरले, विजेच्या खांबाच्या ओट्यावर चढले आणि पहिल्यापासून सुरू झाले. "मागानं माझं वरचं नेलं!" समोर मी, काकू आणि पानवाला. मिरवणूक बरीच पुढे गेली होती, तिचा नुसता ठोका येत होता. त्यांचा आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आदळून परत येत होता.

समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. एका बाईने कडेवरच्या मुलाला थोपटत खाली पाहिलं. "ओ अण्णा," ती म्हणाली, "हळू बोला की. माणसं राहत्यात हितं."

अण्णांना खिडकी उघडलेली दिसली. त्यांनी तिच्याकडे तोंड केलं आणि आवाज वाढवला.